पांढरी माशी: उडीद, सोयाबीन, कापूस, तूर, ऊस. कुठल्या पिकाला किती धोका? (बार्शी तालुका, खरीप)

वैराग-शिवार

नमस्कार मंडळी. वैराग भागातलं साडेसात एकर काळं रान. विहिरीचं पाणी दोन एकराला पुरतं, बाकी कोरडवाहू. खरिपाचा पेरा असा धरलाय: सोयाबीन 3 एकर, उडीद दीड एकर, तूर दीड एकर, कापूस 1 एकर. विहिरीजवळ अर्धा एकर उन्हाळी भेंडी अजून तोडणीत आहे आणि तिच्या पानांमागे पांढरी माशी भरपूर आहे. पश्चिमेच्या बांधापलीकडे शेजारचा खोडवा ऊस आहे, त्याच्यावरही पांढरी माशी असते.

प्रश्न असे:
यातलं कुठलं पीक माशीला लवकर बळी पडतं आणि कुठलं तग धरतं?
उसावरची माशी सोयाबीनवर येते का?
उडीद कुठल्या बाजूला पेरावा?
आणि पानामागे किती माश्या दिसल्या म्हणजे फवारा काढायचा? दुकानात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

पानामागे

आकडा वेगवेगळा सांगितला जातो, कारण तो पिकागणिक खरंच बदलतो. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, मग पुढचं सगळं सोपं होतं. माशी त्या पिकावर किती वाढते, ही एक गोष्ट. माशी त्या पिकात रोग आणते का, ही दुसरी. ही दोन्ही मापं एकत्र धरली की चुकीच्या रानात औषध जातं आणि खऱ्या गरजेच्या रानात उशीर होतो.

कापसावर माशी भरपूर वाढते. पानामागे अंडी, पिल्लं, कोष सगळं सापडेल. पण पंजाब, हरियाणा, राजस्थानात माशीमुळे कापसात पानं मुरडण्याचा जो विषाणू रोग पसरतो, तो आपल्याकडचा प्रश्न नाही. म्हणून आपल्याकडे कापसाचं नुकसान होतं ते रस शोषल्यानं आणि चिकट्यावर (माशी पानावर टाकते त्या चिकट गोड रसावर) काळी बुरशी चढल्यानं. हे नुकसान हळूहळू होतं, मोजता येतं आणि मोजून फवारता येतं.

उडदाचं उलट. उडदावर माशी कापसाइतकी दाट कधीच दिसत नाही, पण पिवळा मोझॅक (आपल्याकडे कुणी हळद्या म्हणतं, कुणी केवडा) हीच माशी आणते. रोगट झाडावर 10-15 मिनिटं रस शोषला तरी विषाणू तिच्या पोटात जाऊ शकतो. काही तासांनी ती रोग द्यायला तयार होते आणि पुढे कित्येक दिवस देत राहते. औषध फवारलेल्या पानावर बसून ती मरेल, पण मरायच्या आधी सोंड खुपसून झालेली असते. त्यामुळे उडीद, मूग, सोयाबीन या तिन्हींत 'पानामागे इतक्या माश्या झाल्या की फवारा' हा हिशेब चालत नाही. तिथे हिशेब रोगट झाडांचा आणि पिकाच्या वयाचा. पहिल्या 30 दिवसांत रोग आला तर झाडाला शेंगाच नीट लागत नाहीत. दाणे भरताना आला तर नुकसान बरंच कमी.

तुमच्या पेऱ्यापुरती क्रमवारी माझ्या मते अशी: सगळ्यात नाजूक उडीद (मूगही त्याच पंगतीत), मग सोयाबीन, त्यातही रोगाला बळी पडणारं वाण घेतलं तर ते उडदाच्या बरोबरीला येतं. त्यानंतर कापूस. तूर बरीच खाली. भेंडी स्वतः अतिशय नाजूक, पण तिचा विषय वेगळा, तो नंतर.

वाणाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण अर्धी लढाई पेरणीआधीच ठरते. सोयाबीनमध्ये जेएस 335 आणि जेएस 9560 पिवळ्या मोझॅकला बळी पडतात. जेएस 20-29, जेएस 20-69, जेएस 97-52 त्या मानाने चांगले टिकतात. उडदात टीएयू 1 जुना आणि बाजारात मिळणारा, पण या रोगापुढे टिकत नाही. पीयू 31 टिकतो. मूग घेणार असाल तर आयपीएम 02-3 किंवा विराट (आयपीएम 205-7) बघा. टिकणारं वाण म्हणजे माशी येत नाही असं नव्हे. माशी येते, बसते, पण झाड पिवळं पडत नाही किंवा फार उशिरा पडतं.

कोरडवाहू-माळ

तुरीबद्दल भर घालतो, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तुरीत झाड हिरवंगार, पानं बारीक आणि फिकट चट्ट्यांची, फुलं-शेंगा नाहीत, असं दिसलं की लोक पांढऱ्या माशीचं औषध मारतात. तो वांझ रोग. त्याचा विषाणू पांढरी माशी आणत नाही, डोळ्यांना न दिसणारी एरिओफाइड कोळी आणते. कीटकनाशकाचे कितीही फवारे काढले तरी फरक पडत नाही. बीएसएमआर 736 सारखं वांझला टिकणारं वाण घ्यायचं आणि मागच्या हंगामातली बांधावरची, आपोआप उगवलेली तुरीची झाडं पेरणीआधी उपटायची. पांढऱ्या माशीचा पिवळा मोझॅक तुरीवर दिसतो, पण तुरळक, आणि त्यासाठी खास खर्च करावा लागत नाही.

ज्वारी, बाजरी, मका, गहू यांवर कापूस-सोयाबीनवाली पांढरी माशी वाढत नाही. मंगळवेढा-मोहोळ पट्ट्यात रब्बी ज्वारीची पानं चिकट होतात, त्याला लोक 'चिकटा' म्हणतात आणि पांढऱ्या माशीवर ढकलतात. तो चिकटा मावा आणि पोंग्यातल्या तुडतुड्यांचा असतो. हरभऱ्यालाही या माशीची फारशी भीती नाही, तिथे घाटे अळीच बघायची.

म्हणूनच तृणधान्याच्या ओळी आडोसा म्हणून कामाला येतात. उडीद-सोयाबीनच्या कडेनं ज्वारी किंवा मक्याच्या 2-3 ओळी पेरा. मुख्य पिकाच्या 10-15 दिवस आधी पेरल्या तरच त्यांची उंची वेळेत मिळते. एकाच दिवशी पेरल्या तर ज्या पहिल्या तीस दिवसांत आडोसा हवा, तेव्हा त्या गुडघ्यापर्यंतही नसतात. कोरडवाहूत आधी पेरायला ओल मिळत नाही, ही खरी अडचण. तुमच्याकडे विहीर आहे, दोन-तीन ओळींपुरतं पाणी निघेल. खरिपात वारं पश्चिमेकडून येतं, तेव्हा सगळीकडून जमत नसेल तर निदान पश्चिमेची बाजू धरा.

भीमातीर

उसाचं उत्तर: नाही, उसावरची माशी सोयाबीनवर येत नाही. नाव एक, कीड वेगळी. उसावरची पांढरी माशी जवळजवळ उसापुरतीच. कापूस, सोयाबीन, उडीद, भेंडी, वांगी, टोमॅटो यांवर फिरते ती दुसरी जात, बेमिसिया टॅबासी. ओळखायला सोपं: उसाच्या पानामागे अंडी ओळीने दिसतात आणि कोष काळे, लंबगोल, कडेला पांढरट मेणाची किनार असलेले असतात. कापसावरचे कोष पिवळसर-फिक्कट आणि चपटे. काळे ठिपके फक्त उसावर असतील तर शेजाऱ्याशी भांडायचं कारण नाही.

उसाची माशी सोयाबीनच्या नेमकी उलटी वागते, तेही सांगतो. कापूस, सोयाबीनला युरिया जास्त झाला, झाड माजलं की माशी वाढते. उसात मात्र नत्र कमी पडलेलं आणि पाणी साचलेलं रान तिला मानवतं. म्हणून निचरा नसलेला, खताकडे दुर्लक्ष झालेला खोडवा पहिला धरला जातो आणि तिथून लागणीच्या उसात जाते. पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, पानं पिवळी, मग गुलाबी-जांभळट आणि शेवटी काजळीने काळी होतात. शेजाऱ्यांना सांगायचं तर तीनच कामं सांगा: चर काढून पाणी बाहेर काढा, खोडव्याला नत्राचा ठरलेला हप्ता वेळेवर द्या, आणि कोष असलेली खालची पानं काढून रानाबाहेर नेऊन गाडा. नुसती सरीत टाकली तर कोषातून माशी निघतेच. ऊस डोक्यावर गेल्यावर फवारा पानामागे पोचत नाही, तेव्हा हे सगळं कमरेएवढा असताना करायचं. हवेत दमटपणा असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीवर वाढून तिला मारणारी बुरशी) 5 ग्रॅम प्रति लिटर संध्याकाळी फवारता येतं.

अजून एक. उसाच्या पानामागे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी कापसासारखी पांढरी लोकर दिसली तर ती माशीच नाही, लोकरी मावा आहे. 2002 साली आपल्या राज्यात तो मोठ्या प्रमाणावर आला तेव्हापासून दोघांची गल्लत सुरू आहे.

वैराग-शिवार

उसाची शंका फिटली, आभारी आहे. आता दोन गोष्टी. उडीद नेमका कुठे घ्यायचा? भेंडी पूर्वेला आहे, ऊस पश्चिमेला. आणि सोयाबीन पिवळं दिसलं की मोझॅक कसा ओळखायचा? आमच्या रानाचा एक कोपरा चुनखडीचा आहे, तिथे पीक दरवर्षी पिवळं पडतं.

सीनाकाठ

चुनखडीच्या कोपऱ्यातला पिवळेपणा बहुतेक लोहाच्या कमतरतेचा. सोलापूर जिल्ह्यात हा फार ठिकाणी आहे आणि दरवर्षी त्यावर माशीची औषधं वाया जातात. फरक असा बघा.

लोहाची कमतरता: शेंड्याची नवी पानं सगळी एकसारखी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पट्ट्याच्या पट्ट्याला एकदम दिसते, जमीन बदलली की संपते. पाऊस जास्त होऊन पाणी साचलं की वाढते, वाफसा आला की काही प्रमाणात आपोआप सुधारते.

पिवळा मोझॅक: एकाच पानावर झळझळीत पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले, शिरांचा काही नियम नाही. सुरुवातीला रानात एक झाड इथे, एक दहा पावलांवर, असं विखुरलेलं. शेजारची झाडं निरोगी. वाफसा आला, खत दिलं तरी ते पान परत हिरवं होत नाही. पुढची पानंही तशीच निघतात, कधी आकसलेली.

शंका असेल तर कोपऱ्यातल्या चार ओळींवर फेरस सल्फेट 50 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड 10 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून फवारा. नवीन पानं आठवडाभरात हिरवी झाली तर लोह. सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवा, मग फेरस सल्फेट टाका आणि लगेच वापरा. तयार करून ठेवलेलं पाणी तांबूस झालं की त्याचा उपयोग गेला.

पानामागे

उडदाच्या जागेबद्दल. एक बारकावा लक्षात घ्या. भेंडीचा हळद्या आणि उडदाचा हळद्या हे वेगळे विषाणू. भेंडीचा रोग उडदाला लागत नाही, पण भेंडीवरची माशी उडदावर नक्की उतरते. उलट उडीद, मूग, सोयाबीन यांच्यात माशीही एक आणि मोझॅकही एकमेकांना जाणारा. म्हणजे भेंडी माश्या पुरवते, शेजारचं रोगट सोयाबीन माश्यांबरोबर रोगही पुरवतं. उडदाशेजारी भेंडीपेक्षा जेएस 335 चं रान जास्त धोक्याचं, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण तसंच आहे.

तेव्हा उडीद पश्चिमेला, उसाच्या बांधाकडे घ्या. उसाकडून काही यायचं नाही आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहील. उडदानंतर तूर, मग सोयाबीन, आणि कापूस भेंडीकडच्या पूर्वेला. उडीद आणि सोयाबीनमध्ये तुरीचा पट्टा असा आपोआप पडतो. सोयाबीनचं टिकणारं वाण घ्यायला विसरू नका, नाहीतर ही मांडणी फारशी कामाला यायची नाही.

बीजप्रक्रिया. सोयाबीनसाठी थायमेथोक्झाम 30 एफएस 10 मिली प्रति किलो. एकरी 30 किलो बियाणं धरलं तर 300 मिली. किंवा इमिडाक्लोप्रिड 48 एफएस 1.25 मिली प्रति किलो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सावलीत सुकवून पेरणीच्या दिवशी रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरणारं जिवाणू खत). सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. घमेल्यात हातानं रगडलं किंवा पाणी जास्त घातलं की टरफल सुटतं आणि उगवण जाते. पोत्यावर पसरून, दोन्ही टोकं धरून हलवा, हातमोजे घाला. या प्रक्रियेनं पहिले 25-30 दिवस, म्हणजे सगळ्यात नाजूक काळ, बराच निभावतो. उरलेलं बियाणं खायला किंवा जनावराला घालू नका.

उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा रानातून फिरा. मोझॅकचं झाड दिसलं की सकाळी लवकर, गारव्यात, माश्या सुस्त असताना त्यावर पिशवी घालून मग उपटा आणि गाडा. नुसतं उपटून खांद्यावर टाकून बांधापर्यंत नेलं तर वाटेत सगळ्या माश्या निरोगी झाडांवर उतरतात. हे काम पहिल्या 30 दिवसांत, झाडं मोजकी असताना. रोग रानभर पसरल्यावर उपटत बसलात तर रान विरळ होतं आणि हाती काही लागत नाही.

सोयाबीनमध्ये रोगट झाडं दिसू लागली तर फवाऱ्यासाठी यांपैकी एक:
थायमेथोक्झाम 12.6 + लॅम्बडा सायहॅलोथ्रिन 9.5 झेडसी, एकरी 50 मिली.
बीटा सायफ्लुथ्रिन 8.49 + इमिडाक्लोप्रिड 19.81 ओडी, एकरी 140 मिली.
असिटामिप्रिड 25 + बायफेन्थ्रिन 25 डब्ल्यूजी, एकरी 100 ग्रॅम.

पाणी एकरी 200 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 13 पंप. सहा-सात पंपांत एकर उरकला की वरची पानं भिजतात आणि माशी खाली सुखरूप राहते. यांतली सिंथेटिक पायरेथ्रॉइडं (लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, बीटा सायफ्लुथ्रिन, बायफेन्थ्रिन) मित्रकीटकही मारतात, म्हणून हे फवारे एकदा, फार तर दोनदा. बीजप्रक्रियेत थायमेथोक्झाम वापरलं असेल तर फवाऱ्यात पुन्हा तेच नको. खरं तर वरच्या तिन्हींत त्याच गटातलं, म्हणजे निओनिकोटिनॉइड (थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड, असिटामिप्रिड) आहेच, त्यामुळे पहिला फवारा शक्य तितका निंबोळीचा ठेवा.

उडदावर मी रासायनिकची घाई करणार नाही. निंबोळी अर्क 5 टक्के: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, 200 ग्रॅम साबण विरघळवून टाका, एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी वापरा. निंबोळी गेल्या उन्हाळ्यातली, सावलीत वाळवलेली हवी. बुरशी चढलेल्या किंवा दोन वर्षं पडलेल्या निंबोळीत ताकद राहत नाही. निंबोळीनं माशी तडकाफडकी मरत नाही, बसणं आणि अंडी घालणं कमी होतं, म्हणून उगवणीनंतर 15 दिवसांनी पहिला आणि पुढे 10 दिवसांनी दुसरा.

तोडणी-नोंद

कापसाचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथे आकडा चालतो: पानामागे सरासरी 8 ते 10 प्रौढ माश्या किंवा 20 पिल्लं. मोजायची वेळ सकाळी 8 च्या आत. ऊन चढल्यावर पान हलवलं की सगळ्या उडतात आणि आकडा खोटा येतो. रानात तिरपं चालत 20 झाडं घ्या, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान हळूच उलटा. प्रौढ आणि अंडी वरच्या कोवळ्या पानांवर, मोठी पिल्लं आणि कोष खालच्या पानांवर. फक्त वरची पानं बघणाऱ्याला पुढच्या पिढीचा अंदाजच येत नाही.

वाण निवडताना एक पेच आहे. पानावर लव जास्त असेल तर तुडतुडे कमी येतात, पण पांढरी माशी जास्त. गुळगुळीत पानाचं उलट. आपल्या भागात तुडतुड्यांचा त्रास आधी आणि मोठा, म्हणून मी मध्यम लवेचंच वाण घेईन.

औषधं माशीच्या अवस्थेनुसार. प्रौढ आणि पिल्लं दोन्ही असतील तर डायफेन्थियुरॉन 50 डब्ल्यूपी 12 ग्रॅम प्रति 10 लिटर. पिल्लंच जास्त असतील तर स्पायरोमेसिफेन 22.9 एससी 12 मिली किंवा पायरीप्रॉक्सिफेन 10 ईसी 20 मिली प्रति 10 लिटर. शेवटच्या दोन्हींनी उडणाऱ्या माश्या लगेच कमी होत नाहीत. दोन दिवसांनी 'औषध लागलं नाही' म्हणून दुसरं मारलं जातं. एका आठवड्यानं पिल्लं मोजा, मग ठरवा. फ्लोनिकॅमिड 50 डब्ल्यूजी 3 ग्रॅम प्रति 10 लिटर तुडतुड्यांवरही चालतं. सायपरमेथ्रिनसारखी एकटी पायरेथ्रॉइडं लागोपाठ मारू नका. मित्रकीटक मरतात आणि तीन आठवड्यांनी, म्हणजे एका पिढीनं, माशी दुप्पट जोमानं वर येते. 2015 साली पंजाबात कापूस माशीने बसला तेव्हा चुकीच्या आणि मिसळून मारलेल्या औषधांची चर्चा खूप झाली, ती याच कारणानं.

पिवळे चिकट सापळे एकरी 10-12, पिकाच्या शेंड्याच्या उंचीला. पीक वाढेल तसे वर सरकवा. ते माशी आली का हे कळायला आहेत, त्यांनी माशी आटोक्यात येत नाही. आपल्याकडच्या धुळीत 8-10 दिवसांत चिकटपणा जातो.

तुमच्या कापसाला खरा धोका सप्टेंबरअखेर. सोयाबीन वाळायला लागलं की तिथली माशी हिरव्या रानाकडे जाते आणि तेव्हा शिवारात हिरवा कापूसच उरतो. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात कापूस रोज बघा. बोंडं फुटल्यावर माशी राहिली तर तिचा चिकटा रुईवर पडतो आणि काजळीनं कापूस काळवंडतो, भाव तिथेच पडतो.

वैराग-शिवार

मांडणी पटली. शेवटचं: भेंडी अजून दोन-तीन तोडे देईल. ठेवू की काढू?

पानामागे

उडीद उगवायच्या आधी काढा. 15 जूनच्या आसपास पेरणी धरली तर भेंडी त्याआधी किमान 8 दिवस निघालेली हवी. नुसती उपटलीत तर माश्या उडून बांधावर बसतात, म्हणून आधी संध्याकाळी निंबोळी अर्क किंवा साबणाच्या पाण्याचा पानामागे फवारा, दुसऱ्या दिवशी सकाळी उपटणी, आणि झाडं ढीग न लावता लगेच खड्ड्यात. त्याच दिवशी विहिरीच्या कडेची पेटारी, गाजरगवत, घाणेरी, दुधी ही तणं काढा. भेंडी नसताना माशी त्यांच्यावरच थांबते.

पावसानं जुलैत ओढ दिली तर आठवड्यातून दोनऐवजी तीन वेळा रान बघा. जोराच्या सरींनी प्रौढ माश्या झडतात, कोरड्या उघडिपीत भराभर वाढतात. उडदाला त्या काळात युरिया देऊ नका.